डीप क्लीनिंगवाल्यांना बोलावलं होतं, काय चकाचक झालं आणि काय तसंच राहिलं

सगळी सुरुवात फ्रिजपासून झाली. फ्रिज गार करेना, कंप्रेसर दिवसभर घूं घूं करत चालू, म्हणून दुरुस्तीवाले काका आले, त्यांनी फ्रिज पुढे ओढला आणि मागे डोकावून नुसतं "अरे बापरे" म्हणाले. मी वाकून बघितलं तर मागच्या काळ्या जाळीवर धुळीची गोधडी. गोधडीच म्हणतोय, कारण बोटांनी धरून ओढली तर अख्खी पट्टीच्या पट्टी सुटून हातात आली, केस आणि लोकर विणल्यासारखी. खाली एक मोजा, पेनांची दोन टोपणं आणि आमच्या लेकीचा तो निळा हत्ती, जो हरवला म्हणून घरात आठवडाभर रडारड झाली होती. काका म्हणाले, "साहेब, मशीनला काही झालेलं नाही, तिला श्वास घेता येत नाहीये." ब्रशने झाडलं, व्हॅक्यूमने ओढलं, संध्याकाळपर्यंत फ्रिज नीट गार करायला लागला. फ्रिज आतली उष्णता त्या कॉइलमधून बाहेर टाकतो, आणि तिच्यावर पांघरूण घातलं की कंप्रेसर बिचारा जास्त वेळ धावत बसतो, हे आपण शाळेत शिकलोय खरं, पण फ्रिज ओढून बघतो कोण.

बायको म्हणाली, हे एक दिसलं, न दिसलेलं किती असेल. आई म्हणाली, मी म्हणतच होते. (आई नेहमी म्हणतच असते.) आणि त्याच रात्री मी डीप क्लीनिंगवाल्यांचं बुकिंग करून टाकलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एका घरचा एका दिवसाचा अनुभव आहे, दुसऱ्या टीमने कदाचित वेगळं काम केलं असतं, आणि आधी दुसऱ्या एकांकडून करून घेतलेल्या मित्राचं ऐकलं तर त्याची रड पण साधारण हीच. त्यामुळे हा रिव्ह्यू एका कंपनीपेक्षा एकूण या प्रकाराचाच समजा.

बुकिंग करताना खोल्या किती, बाथरूम किती, एवढंच विचारलं. घरात काय काय आहे, फरशी कसली आहे, कोणाला धुळीची अ‍ॅलर्जी आहे का, काही नाही. मला तिथेच जरा खटकलं होतं पण म्हटलं आल्यावर बोलू. सकाळी 9 ला तिघं जण आले, दोन मुलगे आणि एक सुपरवायझर ताई. ओला-सुका व्हॅक्यूम, फरशी घासायचं गोल मशीन, छोटं स्टीम मशीन, शिडी, आणि स्प्रेच्या पाच-सहा बाटल्या. बाटल्यांवर लेबल नाही! पिवळं, गुलाबी, पांढरं, बस. मी विचारलं यात काय आहे, तर "सर हे ऑइलचं आहे, हे बाथरूमचं आहे" असं उत्तर. हे लक्षात ठेवा, पुढे यावरूनच गोंधळ झाला.

फडक्यांचं मात्र आवडलं. बाथरूमची लाल, किचनची हिरवी, बाकी घराची निळी, वेगळ्या पिशव्यांत. बोलावलेल्या माणसांकडे रंग वेगळे नसतील तर सरळ विचारा की कमोडचं फडकं कुठलं, कारण एकच फडकं सगळीकडे फिरवून घर स्वच्छ होत नाही, नुसती घाण सगळ्या खोल्यांत समान वाटली जाते.

उंचावरच्या कामात ते लोक बाप आहेत, यात वाद नाही. पंखे, कपाटांचे माथे, दारांच्या वरच्या कडा (दाराची वरची कड कधी बोट फिरवून बघितलीय का? बघू नका), ट्यूबलाइटच्या पट्ट्या, पडद्याचे रॉड, कोपऱ्यातली जळमटं. पंख्याचं पातं त्यांनी जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून पुसलं, म्हणजे अभ्रा पात्यावर मोज्यासारखा चढवायचा आणि दाबून मागे ओढायचा, सगळी धूळ आतच पडते, खाली गादीवर एक कण नाही. आमच्याकडे इतकी वर्षं ओल्या फडक्याने पुसून तोच काळा चिखल भिंतीवर उडवायची पद्धत होती. आधी वर मग खाली, आधी कोरडं मग ओलं, हा त्यांचा नियम. ऐकायला साधा आहे पण आम्ही वर्षानुवर्षं आधी लादी पुसून मग पंखा पुसत आलोय, आता काय बोलणार.

आता किचन. खरी मजा इथे आहे.

वरच्या कपाटांचा माथा आणि छत यांच्यामध्ये वीतभर जागा असते ना, तिथे शिडीवर चढलेल्या मुलाने मला बोलावलं, "सर या, बघून घ्या आधी, नंतर म्हणाल आम्ही नीट केलं नाही." बघितलं. तपकिरी, मेणचट, त्यावर धूळ रुतलेली, नखाने ओढलं तर नखात गोळा, पण खालचा थर हलत नाही. त्याचं असं असतं की गॅसवरून उडालेली तेलाची वाफ वर जाते, गार पृष्ठभागावर बसते, धूळ चिकटते, आणि ते तेल महिनोन्महिने हवा आणि उष्णता खाऊन वार्निशसारखं घट्ट होतं. म्हणून साबणाच्या पाण्याने नुसतं पुसून ते जात नाही, पसरतं. या मुलाने फवारा मारला आणि खाली उतरून चक्क दुसरंच काम करायला लागला. मला वाटलं विसरला. दहा मिनिटांनी वर चढला, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, लोण्यासारखं सुटत आलं. दिवसभरात मी त्यांच्याकडून शिकलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट. आपण फवारतो आणि लगेच घासायला लागतो, औषधाला कामच करू देत नाही आणि मग दंडातली ताकद वाया घालवतो. जंतुनाशकांचंही तेच, बाटलीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की इतकी मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे, बऱ्याच जणांचे 5 ते 10 मिनिटं असतात, आणि आपण फुस्स करून दोन सेकंदात पुसून टाकतो, मग कसले जंतू मरतायत, अंघोळ घातली फक्त.

माथा स्वच्छ झाल्यावर आईने तिथे जुने कागद अंथरले. पुढच्या वेळी घासायचं नाही, कागद गुंडाळायचा आणि टाकायचा. सुपरवायझर ताईंनी याचा फोटो काढून घेतला, बहुतेक आता त्यांची आयडिया म्हणून दुसरीकडे सांगत असतील.

आणि मग चिमणीच्या जाळ्या. इथे माझं डोकं फिरलं. आमच्या चिमणीच्या जाळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत. मी खोलीत होतो, बायको आईबरोबर बाहेर, आणि एका मुलाने मोठ्या टबात गरम पाणी घेऊन त्यात ते "ऑइलचं" पिवळं औषध भरपूर ओतून जाळ्या बुडवून ठेवल्या. पाच मिनिटांनी वास आला म्हणून मी गेलो तर टबात फसफस चाललीय, बुडबुडे, पाणी राखाडी. जाळ्या बाहेर काढल्या तर तेल गेलं होतं, अगदी एकूण एक थेंब गेला होता, पण जाळ्या काळ्याकुट्ट. चंदेरी जाळी आत टाकली आणि कढईच्या बुडासारखी बाहेर आली.

कारण त्या बाटलीत कॉस्टिक सोडा होता. स्टीलला तो फार काही करत नाही, पण अ‍ॅल्युमिनियमला खातो, आणि खाताना हायड्रोजन वायू सुटतो, ते बुडबुडे तेच. म्हणजे बंद किचनमध्ये पेटत्या गॅसशेजारी हे करू नये हे वेगळंच. धुण्याच्या सोड्याच्या कडक गरम पाण्यातही अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं, त्यामुळे नेटवर कोणी "सोडा टाका आणि जादू बघा" म्हणालं तर आधी जाळी कसली आहे ते बघा. ओळखायचं कसं, सोपं आहे, अ‍ॅल्युमिनियम हातात हलकं लागतं आणि चुंबक चिकटत नाही. आता स्टीललाही कधी कधी चिकटत नाही, म्हणून चुंबकाने शंभर टक्के कळत नाही, मशीनबरोबर आलेलं पुस्तक उघडा. अ‍ॅल्युमिनियमला भांडी घासायचं लिक्विड, गरम पाणी, अर्धा तास भिजवणं आणि मऊ ब्रश, एवढं पुरतं, फक्त महिन्याभराने करावं लागतं, वर्षाने नाही.

त्या मुलावर मी आवाज चढवला आणि नंतर मलाच वाईट वाटलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बिनलेबलची बाटली हातात देऊन पाठवलेलं, चूक त्याची कमी आणि पाठवणाऱ्यांची जास्त. आणि हातमोजे पण पातळ, एकाचा तर फाटलेला. कॉस्टिक कातडीवर गेलं तर भाजतं हो. मी घरातले जाड रबरी मोजे दिले.

यानंतर मी घरभर त्यांच्या मागे मागे फिरत राहिलो. त्रासदायक गिऱ्हाईक झालो, मान्य. पण झालो म्हणून बाथरूममध्ये वाचलो.

झालं असं की टाइल्सच्या सांध्यांत आणि बाथटबाच्या कडेच्या सिलिकॉनवर काळी बुरशी आली होती, त्यावर दुसऱ्या मुलाने ब्लीच मारून ठेवलं. योग्य. आणि ते ओलं असतानाच शेजारी कमोडमध्ये ओतायला त्याने निळी बाटली उचलली. ही एक बाटली लेबलवाली होती, बाजारात मिळते ती, आणि लेबलवर लिहिलेलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. मी अक्षरशः हात धरला. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि छोट्या बाथरूममध्ये एक्झॉस्ट बंद असेल तर तो डोळे, घसा, फुप्फुस सगळ्याची वाट लावतो. व्हिनेगरसुद्धा अ‍ॅसिडच आहे, ब्लीचबरोबर तेही नको. अमोनियावालं काच पुसायचं लिक्विडही नको, त्यातून वेगळा पण तितकाच वाईट वायू निघतो. एका दिवशी एकच औषध वापरा, नाहीतर पहिलं भरपूर पाण्याने धुवून, खिडकी उघडून, मग दुसरं. मुलगा म्हणाला, "सर आम्ही रोज असंच करतो, थोडा खोकला येतो." थोडा खोकला येतो! मी ताईंना बोलावून शांतपणे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं.

बाकी बाथरूमचं काम मात्र झकास झालं. सांधे पांढरे झाले. शॉवरच्या जाळीवर क्षाराचे पांढरे खडे बसले होते, अर्धी भोकं बंद, पाणी वाकडंतिकडं उडायचं आणि आम्हाला वाटायचं प्रेशर कमी आहे. त्यांनी सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी पिशवीत भरून ती पिशवी शॉवरला रबरबँडने बांधली, तासाभराने सोडली, जुन्या टूथब्रशने घासलं आणि पाणी सरळ. प्रेशर कमी नव्हतंच. सिलिकॉनवरची बुरशी मात्र दोन ठिकाणी तशीच राहिली कारण ती वर नसते, आत मुरलेली असते, ब्लीचने नुसता रंग उडतो. ते सिलिकॉन कापून काढून नवीन भरावं लागेल असं त्यांनी स्वतःहून सांगितलं, खोटं आश्वासन दिलं नाही.

अजून एक, संगमरवर. आमच्या खिडकीचा कट्टा संगमरवरी आहे आणि त्यावर मी आधीच चिठ्ठी चिकटवली होती, अ‍ॅसिड लावू नये. कारण काही वर्षांपूर्वी मीच हुशारी करून तिथे व्हिनेगर ओतलं होतं, आणि संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अ‍ॅसिडने विरघळतं, ओघळाच्या आकाराचा मंद डाग अजून आहे. तो डाग सूर्य तिरका पडला की दिसतो आणि बायकोलाही दिसतो.

सगळ्यात पैसा वसूल काम कुठलं म्हणाल तर खिडक्या. काचा नाही, काचा कोणीही पुसतं. स्लायडिंग खिडकीचा खालचा ट्रॅक. त्यात माती, मेलेले किडे, केस, पक्ष्यांची पिसं असं सगळं वर्षानुवर्षं साचतं आणि आपण त्यात पाणी ओततो की झाला चिखल, मग तो सुकून सिमेंट होतो. या लोकांनी आधी कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूमची चपटी नळी फिरवली, मग स्टीम मारली, मग पट्टीला फडकं गुंडाळून खाच ओढून काढली. तिथे मुलगा थांबला आणि मला म्हणाला, "सर, तुमच्याकडे पावसात पाणी आत येतं का?" मी म्हटलं येतं, दरवर्षी, आम्ही फडकी लावून ठेवतो, खिडकीच खराब बसवलीय. तो हसला. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला, खाली, करंगळीच्या नखाएवढ्या फटी असतात, पाणी बाहेर जायला मुद्दाम ठेवलेल्या. आमच्या सगळ्या मातीने बुजलेल्या. ट्रॅकमध्ये पाणी साचायचं, बाहेर जायला वाट नाही, मग घरात. त्याने बारीक तार घालून फट मोकळी केली, मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. पहिल्यांदा काहीच नाही, मग बाहेरून एक काळी धार, जाडजूड, त्यात एक अख्खा वाळलेला भुंगा, आणि मग एकदम स्वच्छ पाणी भुळूभुळू. मी, आई आणि लेक तिघं खिडकीत उभे राहून ते बघत होतो. इतकी वर्षं खिडकी बसवणाऱ्याला शिव्या दिल्या होत्या. सगळ्या खिडक्यांच्या फटी मोकळ्या केल्या आणि याचे त्यांनी वेगळे पैसे मागितले नाहीत. यासाठी एक अख्खा स्टार.

आता गाद्या. इथे मी नाराज आहे. बायकोला धुळीची अ‍ॅलर्जी आहे, सकाळी उठल्या उठल्या शिंकांची लड लागते, त्यामुळे बोलावण्याचं अर्धं कारण गादी होतं. धुळीतले ते माइट्स म्हणजे मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढे जीव, डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या कातडीच्या गळणाऱ्या कोंड्यावर जगतात आणि त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेने होतो. त्यांना दमटपणा आवडतो. आणि या लोकांनी काय केलं, गादीला शॅम्पू लावून ओलीचिंब केली आणि मग व्हॅक्यूमने पाणी ओढलं. वरून कोरडी लागत होती, रात्री हात दाबून बघितला तर आत ओल. दोन दिवस पंख्याखाली उभी करून ठेवली, आम्ही हॉलमध्ये झोपलो. ज्यासाठी करायचं त्याच्या बरोबर उलटं. गादी कोरडीच व्हॅक्यूम करावी, हळूहळू, शिवणी आणि कडांवर जास्त वेळ, शक्यतो हेपा फिल्टरच्या मशीनने, कारण हेपा 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, आणि साधं मशीन मागून बारीक धूळ परत खोलीत सोडतं. त्यांचं मशीन साधं होतं, मी फिल्टर उघडायला लावून बघितला. चादरी, अभ्रे मात्र 60 डिग्रीच्या पाण्यात धुतले की माइट्स मरतात, ते आम्ही आता करतो, आणि गादीला बंद झिपचं कव्हर घातलंय. शिंका थांबल्या असं नाही म्हणणार, पण लड लहान झालीय.

अजून एक छोटा घाव. तो पांढरा मॅजिक स्पंज असतो ना, स्विचबोर्डवरचे काळे बोटांचे डाग त्याने निघाले, मस्त, मग त्याच जोशात चकचकीत फिनिशच्या कपाटाच्या दारावर फिरवला. तो मेलामाइनचा फोम असतो, म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपरच समजा. डाग गेला आणि तिथली चमकही गेली. ताटाएवढं मंद वर्तुळ. स्विचबोर्डच्या बाबतीत एक चांगलं केलं, स्प्रे बोर्डवर न मारता फडक्यावर मारला आणि मेन स्विच बंद करायला सांगितलं.

संध्याकाळी 6 ला ताईंनी टॅबवर यादी दाखवली, सगळ्यावर टिक, सही करा. घर खरंच झळकत होतं. चप्पल घालून आत यायची लाज वाटावी असं. मी सही करणार तेवढ्यात म्हटलं, वॉशिंग मशीन? "केलं सर." बाहेरून पुसलं होतं. आत?

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. त्यांची यादी म्हणजे दिसणाऱ्या पृष्ठभागांची यादी आहे. भिंत, फरशी, काच, टाइल, कपाट. ज्या गोष्टीला झाकण आहे, स्क्रू आहे, उघडायला कळ आहे, ती त्यांच्या यादीत नाही. ते म्हणतात आम्ही उघडत नाही, मोडलं तर जबाबदारी कोणाची. ठीक आहे, समजू शकतो. पण मग डीप म्हणू नका ना, उंच म्हणा.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसलो. पुढून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, आत ड्रेन पंपाचा फिल्टर. मशीन बंद करून, प्लग काढून, खाली पसरट ट्रे आणि दोन टॉवेल ठेवून, फिल्टर हळूहळू फिरवायचा, एकदम नाही, कारण आत पाणी असतं. मी एकदम फिरवला. पाणी ट्रे ओलांडून चपलांपर्यंत गेलं आणि वास असा की लेक खोलीतून ओरडली, "बाबा काय मेलंय?" आत निघालं काय, तीन नाणी, एक हेअरपिन, एका बटणाचा अर्धा तुकडा आणि राखाडी शेवाळासारखा गिळगिळीत गोळा. दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून उलटं केलं तर खालच्या बाजूला काळी बुरशी आणि एक लहान मोजा. (मोज्यांचं कोडं सुटलं.) साबणाचा ड्रॉवर अख्खा बाहेर निघतो हे मला माहीतच नव्हतं, मधली कळ दाबून ओढला की निघतो, त्याच्या वरच्या छताला, जिथून पाणी पडतं, तिथे पण काळं. रबर पुसलं, ड्रॉवर घासला, रिकामं मशीन सगळ्यात गरम प्रोग्रॅमवर चालवलं. कपड्यांना जो किंचित कुबट वास यायचा आणि आम्ही साबण बदलत बसलो होतो, तो गेला. आता धुणं झाल्यावर दार उघडं ठेवतो.

मग चटकच लागली. नळाच्या तोंडाची बारीक जाळी फिरवून काढली, आत वाळू आणि क्षाराचे कण. कमोडच्या सीटच्या मागे बिजागऱ्यांपाशी दोन बटणं असतात, बऱ्याच सीटना असतात, दाबली की सीट सुटून हातात येते, आणि खाली जे होतं त्याचं वर्णन नको, टाइल घासणाऱ्या त्या मुलाने बाहेरून छान पुसलं होतं एवढं सांगतो. बेसिनला वरच्या बाजूला जे भोक असतं, जास्तीचं पाणी जायला, तिथे बाटली धुवायचा लांब ब्रश घातला तर काळं निघालं, बेसिनचा वास तिथून यायचा. फ्रिजच्या दाराचं रबर गरम साबणाच्या पाण्याने पुसलं आणि मग कागदाची पट्टी दारात अडकवून ओढून बघितली, तीन बाजूंना घट्ट, खालच्या कोपऱ्यात सहज सुटली. रबर तिथे चपटं झालंय, बदलायला टाकलंय.

पाहुण्यांच्या बाथरूममध्ये मधूनच गटाराचा वास येतो त्याचंही कारण त्या आठवड्यात कळलं, ते बाथरूम वापरातच नसतं, जमिनीतल्या जाळीखाली जे पाणी साठून वास अडवतं ते सुकून गेलेलं. बादलीभर पाणी ओतलं, वास बंद. यात साफ करण्यासारखं काहीच नव्हतं आणि आम्ही तिथे इतकी सुगंधी औषधं ओतली होती.

तर स्टार. खिडक्या, उंच जागा, टाइल्स, किचनच्या कपाटांचे माथे यांना पाचपैकी पाच, हे आपल्याने होत नाही, पाठ आणि मान दोन्ही जातात, आणि शिडीवरून पडण्यापेक्षा माणूस बोलावलेला बरा. गाद्यांना एक. औषधांच्या सुरक्षिततेला शून्य, देता येत असतं तर खाली गेलो असतो. माणसं चांगली होती, मेहनती होती, दुपारी अर्धा तास सोडला तर एक मिनिट बसली नाहीत. एकूण तीन.

तुम्ही बोलावणार असाल तर आदल्या दिवशी घरभर फिरून स्वतःची यादी करा आणि फोनवरच वाचून दाखवा, कुठलं करणार, कुठलं नाही. संगमरवर, अ‍ॅल्युमिनियम, चकचकीत पॉलिश, लाकूड असं जिथे असेल तिथे चिठ्ठ्या चिकटवा, वेड्यासारखं वाटतं पण चालतं. लेबल नसलेली बाटली घरात येऊ देऊ नका. एक्झॉस्ट आणि खिडक्या चालू, उघड्या ठेवा. गादी ओली करू नका म्हणून सांगा. आणि घरात थांबा, नुसतं किल्ली देऊन ऑफिसला जाऊ नका.

जाळ्यांची तक्रार केली होती, फोटो पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं की नवीन जाळ्यांचे अर्धे पैसे देऊ. घेतले. वाद घालायची ताकद नव्हती, आणि काळ्या जाळ्या सध्या तशाच लावल्यात, तेल ओढतात, दिसायला भयाण आहेत.

काल त्यांच्या ऑफिसातून फोन आला, सर्व्हिस कशी वाटली म्हणून. मुलगी गोड बोलत होती. सगळं सांगितलं, ती टाइप करत होती, मधूनमधून "हो सर, हो सर". शेवटी विचारलं, सर आमच्या यादीत अजून काय असावं असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, वॉशिंग मशीनचा फिल्टर. टाइप करायचा आवाज थांबला. जरा वेळाने तिने हळूच विचारलं, "सर, तो कुठे असतो?" मी सांगितलं, खाली उजव्या कोपऱ्यात, छोटं झाकण. आणि टॉवेल दोन घे म्हटलं, एकाने भागत नाही.